स्वीडनला जायचे, पण खरिपात की रब्बीत?



परदेशी शिकायला जाणारी मुले आता केवळ शहरातलीच राहिलेली नाहीत. कृषी महाविद्यालयात शिकणारी तुमची मुलगी किंवा तुमचा पुतण्या उद्या घरी येऊन सांगेल, ‘विद्यार्थी अदलाबदलीत माझी निवड झाली, पाच महिने स्वीडनला जायचे आहे.’ अशा वेळी घरात काय होते ते मी पाहिलेले आहे. आजी विचारते, हा देश कुठे आला? वडील विचारतात, खर्च किती? आई काहीच विचारत नाही, पण तिचे जेवणावरचे लक्ष उडते. आणि पोर मात्र वहीत यादी करीत बसते, तिथे गेल्यावर काय काय पाहायचे त्याची.

अशीच एक यादी मध्यंतरी माझ्यासमोर आली. आमच्या तालुक्यातल्या एका जिरायती शेतकऱ्याची मुलगी, बी.एस्सी. कृषीच्या तिसऱ्या वर्षाला. घरी पाच एकर जमीन आणि दोन संकरित गाई. तिची निवड उप्साला या गावी एका सत्रासाठी झाली होती आणि अर्जातला एकच रकाना कोरा होता. शरद सत्र की वसंत सत्र? शरद सत्र ऑगस्टअखेर सुरू होते आणि जानेवारीच्या मध्याला संपते. तिथून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वसंत सत्र. आपल्या बोलीत सांगायचे तर एक खरीप, एक रब्बी. तिच्या यादीत मात्र दोन्ही हंगामांची पिके एकाच वाफ्यात पेरलेली होती. बर्फ, आकाशातला हिरवा उजेड, मध्यरात्रीचा सूर्य, जंगलातली फळे वेचणे, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घातलेल्या मुलीची मिरवणूक, खेड्यात आठ दिवस मुक्काम आणि गाई बाहेर सोडण्याचा दिवस. एवढे सगळे एका सत्रात हाती लागत नाही. काहीतरी सोडावे लागते, आणि असा योग आपल्या घरांतून बहुधा एकदाच येतो.

मी स्वतः त्या देशात गेलेलो नाही. माझी माहिती वाचनाची आणि तिकडे राहून आलेल्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली आहे. तिच्या आधारे ही यादी तुमच्यासमोर उलगडतो. तुमच्या घरातले कोणी जाणार असेल तर उपयोगी पडेल, आणि कोणी जाणार नसेल तरी शेतकऱ्याला दुसऱ्या मुलखातल्या शेतकऱ्याची खबर असावी.

उजेडाचा हिशेब

स्वीडन आपल्या महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट मोठा आहे, पण माणसे मात्र एक कोटीच्या थोडी वर. दोन तृतीयांशाहून अधिक जमीन जंगलाखाली, आणि नांगराखाली शंभरातले जेमतेम सात भाग. उप्साला राजधानी स्टॉकहोमच्या उत्तरेला, रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोचता येईल इतके जवळ. तिथले विद्यापीठ १४७७ सालचे. गावाबाहेर उल्तुना येथे १८४८ पासून शेतीचे शिक्षण चालू आहे. १९७७ साली शेती, वनशास्त्र आणि पशुवैद्यक या तिन्ही शाखांची महाविद्यालये एकत्र करून तिथे स्वीडिश कृषी विज्ञान विद्यापीठ उभे राहिले.

पुण्याला डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि जूनमधला सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. उप्सालाला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा. सकाळी पावणेनऊनंतर उजाडते आणि दुपारी तीनच्या आत मावळते. जूनमध्ये तोच दिवस साडेअठरा तासांचा होतो. मुलीच्या आईने इतका वेळ न विचारलेला प्रश्न इथे विचारला, ‘अंधारात पोर राहायची कशी?’

प्रश्न अगदी खरा आहे. तिकडे जाऊन आलेली मुले थंडीबद्दल फारसे बोलत नाहीत. उप्सालाला जानेवारीत सरासरी तापमान उणे तीन-चार अंश असते, कधी ते बरेच खाली उतरते, पण घरे ऊबदार असतात. ती बोलतात नोव्हेंबरबद्दल. बर्फ पडलेला नाही, पाने गळून गेली, पाऊस झिमझिमतो आणि दुपारी चारच्या आत दिवे लागतात. शरद सत्रात गेलेल्या मुलाचा प्रवास असा उजेडातून अंधाराकडे होतो. वसंत सत्राचे याच्या उलट आहे. जानेवारीत पोचाल तेव्हा कडाका असेल, पण तिथून पुढे दर आठवड्याला दिवस अर्ध्या-पाऊण तासाने वाढत जातो. घरापासून पहिल्यांदा दूर गेलेल्या पोरीच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

हिरव्या उजेडाची इच्छा दोन्ही सत्रांत पुरी होऊ शकते, म्हणून तिच्यावर निर्णय अडवू नये. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय ओढीने ध्रुवाकडे वळतात आणि शंभर किलोमीटरहून अधिक उंचीवर हवेतल्या प्राणवायूवर आदळतात. त्यातून तो हिरवा झोत दिसतो. त्यासाठी पार उत्तरेला किरुना किंवा अबिस्कोला जावे लागते, म्हणजे आगगाडीत अख्खी रात्र. सप्टेंबर ते मार्च हा काळ चांगला, पण आभाळ निरभ्र हवे. तीन रात्री थांबून ढगच पाहून आलेले लोकही पुष्कळ आहेत. मध्यरात्रीचा सूर्यही त्याच भागात, मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत. म्हणजे तो वसंत सत्रवाल्यांनाच, तोही परत निघण्याच्या घाईत.

रान सगळ्यांचे, पण...

यादीतले ‘जंगलातली फळे’ हे कलम मला फार आवडले, कारण त्यामागे एक कायदेशीर गोष्ट आहे जी ऐकून आपल्याकडचा शेतकरी दचकेल. स्वीडनमध्ये दुसऱ्याच्या मालकीच्या रानातून कोणीही चालत जाऊ शकतो, एखादी रात्र तंबू ठोकून राहू शकतो आणि रानात आपोआप उगवलेली फळे व अळंबी वेचून घरी नेऊ शकतो. याला तिकडे ‘सर्वांचा हक्क’ अशा अर्थाचे नाव आहे. ही जुनी वहिवाट आहे आणि १९९४ पासून तिचा उल्लेख राज्यघटनेतही आला आहे. उभ्या पिकातून जायचे नाही, घराच्या अंगणात शिरायचे नाही, फांदी तोडायची नाही, कोणाला त्रास द्यायचा नाही आणि कशाची नासधूस करायची नाही, एवढी बंधने. आपल्याकडे बांधावरून गेलेली म्हैस कोर्टापर्यंत जाते हे ध्यानात घेतले म्हणजे या वहिवाटीचे नवल कळते. अर्थात आपल्याकडे पाच एकरांवर पाच पोटे आहेत आणि त्यांच्याकडे मैलोगणती रान. तुलना बेताने करावी.

जुलै-ऑगस्टमध्ये निळी फळे आणि सप्टेंबरात लिंगन नावाची लाल आंबट फळे येतात. आपल्या करवंदांसारखी ती डब्यात वेचायची आणि मुरंबा घालायचा. हे खास खरिपाचे सुख. पण पाहुण्या विद्यार्थ्याने आणखी एक बाजू पाहावी असे मी तिला सांगितले. बाजारासाठी ही फळे वेचायला दरवर्षी थायलंडहून मजूर आणले जातात. दलालाची उचल, भाड्याचे घर आणि हंगाम बुडाला तर डोक्यावर कर्ज. मजुरीवरून तंटे न्यायालयापर्यंत गेलेले आहेत. आपल्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट समजायला वेळ लागणार नाही.

गाव कुठे गेले?

‘एका स्वीडिश खेड्यात आठ दिवस राहायचे’ असे तिने लिहिले होते. मी तिला म्हणालो, बाई, तुझ्या मनात जे गाव आहे, पार, देऊळ, चावडी, एकाला एक लागून घरे, ते तिथे शोधू नकोस. गाडीच्या खिडकीतून तुला शेताच्या मधोमध एकेकटे लाल घर दिसेल, मग अर्ध्या मैलावर दुसरे. तो लाल रंग फालुन येथील तांब्याच्या खाणीतल्या मातीचा, लाकूड टिकवणारा. पण घरे अशी विखुरली का, याची हकीकत तुम्हा-आम्हाला जवळची आहे.

दोनशे वर्षांपूर्वी तिकडेही घरे गावठाणात दाटीने होती आणि एकेका शेतकऱ्याची जमीन शिवारभर चिंचोळ्या पट्ट्यांत विखुरलेली होती. वाटण्या होत होत पट्टे इतके अरुंद झाले की नांगर वळवायला जागा नाही. तेव्हा १८२७ साली एकत्रीकरणाचा कायदा झाला. गावातल्या एका खातेदाराने जरी अर्ज केला तरी सगळ्या गावाची मोजणी करून प्रत्येकाची जमीन शक्यतो एका ठिकाणी आणायची. ज्याची जमीन गावापासून लांब पडली त्याने घर उचलून तिकडे न्यायचे. लाकडी घरे ओंडका-ओंडका सुटी करून गाड्यांवर लादली गेली. शेती सुधारली, पडीक जमिनी लागवडीखाली आल्या. पण गावे मोडली. संध्याकाळी बोलायला शेजारी राहिला नाही.

आपल्याकडे मुंबई राज्यात तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. त्याची योजना किती गावांत नीट पार पडली आणि किती ठिकाणी अजून हेलपाटे चालू आहेत, हे तुम्ही मला सांगायचे, मी तुम्हाला नव्हे. स्वीडनचे शेतकरी सुखासुखी श्रीमंत झाले असेही नाही. १८६७ ते १८६९ या वर्षांत तिथे दुष्काळ पडला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पुढच्या ऐंशी वर्षांत बारा लाखांहून अधिक माणसे देश सोडून अमेरिकेला गेली. १९०० साली त्या देशाची सगळी वस्ती एक्कावन्न लाखांच्या आसपास होती, यावरून काय ते समजा. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना हे विचारावे. त्यांच्या घरातही परदेशी गेलेल्या मुलांची जुनी पत्रे सापडतील.

गाई सोडण्याचा दिवस

आता यादीतले शेवटचे कलम. मुलीने ते सर्वांत खाली लिहिले होते, मी असतो तर सर्वांत वर लिहिले असते.

स्वीडनमधल्या गाई हिवाळाभर गोठ्यात असतात. ऑक्टोबरच्या सुमारास आत गेलेली गाय एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात बाहेर येते. ज्या दिवशी गोठ्याचे दार उघडायचे तो दिवस आधी जाहीर करतात आणि शहरातली माणसे मुलाबाळांसह पाहायला येतात. तारेच्या कुंपणाबाहेर गर्दी, मुले पुढे. दार उघडले की सहा-सहाशे किलोच्या त्या गाई क्षणभर उजेडाकडे पाहत थबकतात आणि मग वासरांसारख्या उधळतात. मागचे पाय हवेत, शेपट्या वर, कासा हिंदकळताहेत. काही तर गुडघे टेकून गवतात तोंड घासतात. पाच-दहा मिनिटांत सगळे शांत, आणि खाली माना घालून चरणे सुरू. आपल्या पोळ्यासारखी तिथे पूजा नाही, झूल नाही, शिंगांना बेगड नाही. गाईचा आनंद पाहायला माणसे येतात, इतकेच.

या दिवसामागे एका शेतकऱ्याच्या मुलीची झुंज आहे. ॲस्ट्रिड लिंडग्रेन ही मुलांच्या गोष्टी लिहिणारी बाई १९०७ साली विमरबी गावाजवळच्या एका शेतघरात जन्मली. तिची पुस्तके जगभर गेली. उतारवयात, १९८० नंतरच्या वर्षांत, तिने पाहिले की गाई-डुकरे-कोंबड्या बंदिस्त कारखान्यांत कोंबल्या जात आहेत. तिने क्रिस्टिना फॉर्स्लुंड या पशुवैद्य बाईंच्या मदतीने वर्तमानपत्रांतून एकामागून एक लेख लिहिले. १९८८ साली प्राणी संरक्षणाचा नवा कायदा झाला, लोकांनी त्याला तिचेच नाव दिले. दुभत्या गाईंना उन्हाळ्यात चरायला बाहेर सोडलेच पाहिजे हा नियम त्यातून पक्का झाला. उत्तरेत उन्हाळा आखूड म्हणून दोन महिने, दक्षिणेत चार. हा नियम सैल करावा असे म्हणणारे शेतकरीही तिथे आहेत. खर्च वाढतो आणि शेजारच्या देशांतले दूध स्वस्त पडते, असे त्यांचे म्हणणे. पाहुण्या विद्यार्थ्याने दोन्ही बाजूंच्या गोठ्यांत जाऊन ऐकावे.

मुलीचे वडील आतापर्यंत गप्प होते. ते म्हणाले, ‘साहेब, त्यांची गाय वर्षाला दहा हजार लिटर देणार. माझ्या दोन गाई. हिने ते शंभर गाईंचे गोठे पाहून येऊन मला काय फायदा?’

असा प्रश्न विचारणारा बाप मला आवडतो. यंत्राने धार काढणारे गोठे पाहून दोन गाईंच्या घरात काही बदलत नाही, हे कबूल. पण त्या दुधाच्या मुळाशी एक वही आहे. शेजारच्या डेन्मार्कमध्ये १८९५ साली शेतकऱ्यांनी मिळून एक माणूस नेमला. तो घरोघर जाऊन प्रत्येक गाईचे दूध वेगळे मोजी, फॅट काढी, तिने किती खाल्ले ते लिही. वर्षअखेर कळे की कोणती गाय पोसते आणि कोणती नुसतीच खाते. ही पद्धत स्वीडनभर पसरली आणि पिढ्यान् पिढ्या त्या नोंदींवरून वळू निवडले गेले. आपल्याकडे गाईच्या कानात बारा अंकी बिल्ला आला आहे, पण दूध मात्र दोन्ही गाईंचे एकाच किटलीत जाते. उप्सालाजवळ लोव्स्टा येथे विद्यापीठाचा गोठा आहे. तिथे प्रत्येक गाईमागे काय लिहितात, ते का लिहितात आणि लिहिल्यावर त्याचे काय करतात, हे ती शिकून आली तर त्याला दोन गाई पुरतात. आणि डेअरीत दुधातून साय वेगळी करणारे फिरते यंत्र तुम्ही पाहिले असेल, ते गुस्ताफ द लाव्हाल या स्वीडिश माणसाने १८७८ साली बनवले. म्हणजे तो देश आपल्या दूध संघात आधीच येऊन बसला आहे.

गव्हाबद्दलही सांगायला हवे. आपला गहू चार महिन्यांत घरात येतो. त्यांचा सप्टेंबरात पेरलेला गहू चार पाने काढून बर्फाखाली निजतो आणि पुढच्या ऑगस्टमध्ये कापणीला येतो. त्या जातींना थंडी लागल्याशिवाय ओंबीच येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळून ते मेल्यासारखे दिसणारे शेत आठ-पंधरा दिवसांत हिरवे होते. मी ते फक्त चित्रात पाहिले आहे.

उप्सालात कार्ल लिनियसची बागही आहे. बियाण्याच्या पुस्तिकेत हरभऱ्याच्या किंवा भाताच्या शास्त्रीय नावापुढे ‘एल.’ हे अक्षर असते, ते याच माणसाचे. वनस्पतींना दोन शब्दांची नावे देण्याची त्याची पद्धत १७५३ पासून जगाने स्वीकारली. त्याचा एक विद्यार्थी, कोनिग, १७६८ साली तमिळनाडूतल्या तरंगंबाडीला आला, इथल्या वनस्पती गोळा करीत हिंडला आणि १७८५ साली आपल्याच देशात वारला. तेव्हा अदलाबदल पुष्कळ जुनी आहे.

जेवणखाण आणि बोलणेचालणे

आयांनी एका बाबतीत निश्चिंत राहावे. तिथे घरात शिरताना चपला दाराशी काढतात. दह्यासारखे विरजलेले दूध न्याहारीला असते. राय नावाच्या धान्याची (आपल्या फोडणीच्या राईशी याचा संबंध नाही, हे गव्हाच्या जातकुळीतले) कडक, वाळवलेली भाकरी घरोघर असते. पूर्वी ती वर्षातून मोजक्या वेळा भाजून, मधे भोक पाडून, आढ्याखाली काठीवर ओवून ठेवीत. कॉफीबरोबरच्या गोड पावाला चक्क वेलदोड्याचा वास येतो. आठ-दहा मुलांमुलींत एक स्वयंपाकघर असते. तिथे मुलगा असो की मुलगी, आपले भांडे आपण घासायचे. मुलांना पाठवण्यापूर्वी एवढे घरीच शिकवा.

‘अहो-जाहो’ मात्र तिथे नाही. १९६० नंतरच्या दशकाअखेर त्यांनी आदरार्थी संबोधने जवळजवळ सोडूनच दिली. प्राध्यापकालाही नावाने हाक आणि ‘तू’. आपल्या मुलांची जीभ पहिले काही दिवस वळत नाही.

मग कोणते सत्र?

माझे मत मी तिला सरळ सांगितले: रब्बी. शरद सत्रात फळे मिळतील आणि १३ डिसेंबरची लुसियाची मिरवणूक मिळेल. अंधाऱ्या सकाळी पांढऱ्या झग्यातल्या मुली मेणबत्त्या घेऊन गात येतात आणि केशराचे पाव वाटतात. तो सोहळा हुकतो याचे वाईट वाटेल. पण वसंत सत्रात बर्फ, वाढता उजेड, गव्हाचे जागे होणे, ३० एप्रिलची आपल्या होळीसारखी शेकोटी आणि गाईंचे दार, एवढे पदरात पडते. शेतीच्या विद्यार्थ्याने हंगाम सुरू होताना हजर असावे, संपताना नव्हे. सत्र संपल्यावर दोन-तीन आठवडे थांबता आले तर १९ ते २५ जूनच्या दरम्यानच्या शुक्रवारी येणारा मध्य-उन्हाळ्याचा सणही सापडतो. पानाफुलांनी मढवलेला खांब उभारून त्याभोवती नाचतात आणि नवे बटाटे खातात. त्यासाठी निवास परवान्याची तारीख आधी पाहून घ्यावी. तिने रकान्यात वसंत सत्र लिहिले. तिच्या आजीला लुसियाच अधिक पसंत होती, हेही नोंदवतो.

खर्चाचे थोडक्यात. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे २०११ पासून शिक्षण शुल्क द्यावे लागते, पण महाविद्यालयांच्या करारातून अदलाबदलीत जाणाऱ्याला ते पडत नाही. विमानभाडे, खोली, जेवण आणि विमा मात्र बहुधा आपलाच, शिष्यवृत्ती असेल तर तेवढा भार हलका. रोख पैसा तिथे फारसा चालत नाही, बँकेचे कार्ड लागते. जाड कोट इथून घेऊ नका, तिथे वापरलेल्या कपड्यांची चांगली दुकाने असतात.

आणि पिशवी भरताना लक्ष द्या. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप सगळे विमानतळावर काढून घेतील. बियाणे, रोपे, ताजी फळे यांनाही वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. तेव्हा शेतकऱ्याच्या पोरीने पुरचुंडीत चार दाणे बांधून नेऊ नयेत. कोरडी चटणी, काळा मसाला आणि पापड द्या. तुपाचा डबा घरीच राहू द्या.